घाई नसलेला डबा

सोमवार, ६ जानेवारी

ही वही मला पट्ट्यांच्या दुकानदाराने दिली. गिरणीचा पट्टा घ्यायला गेलं की तो दर जानेवारीत एक डायरी देतो आणि दर जानेवारीत मी ती रद्दीत टाकते. यंदा लिहायला बसले त्याला कारण आज सकाळी आलेली एक मुलगी.

भोगी आठवड्यावर आलीय, त्यामुळे बाजरीची ही गर्दी. त्या गर्दीत ती आत शिरली. डोक्यावर टोपी, हातात लांब टेप, गळ्यात ओळखपत्र. म्हणाली, "काकू, मी आम्रपाली गजभिये. रस्त्यांचे नकाशे करणाऱ्या ऑफिसातून आले. तुमचा चौक नवा करायचा आहे. चौकात रोज काय होतं ते लिहून ठेवाल का? तुम्ही दिवसभर इथेच बसून राहता ना."

"बसून राहत नाही. दळते," मी म्हटलं.

"सॉरी. दळून राहता," ती म्हणाली. चेष्टा करत नव्हती, नागपूरकडची आहे.

तर चौक. पाटीवर त्याला कोणाचं तरी भारदस्त नाव आहे, पण ते पोस्टमनलाही ठाऊक नाही. सगळे दीड चौक म्हणतात. नारायण पेठेतल्या दोन गल्ल्या समोरासमोर यायच्या होत्या, त्या दहा-बारा पावलांनी चुकल्या. त्यामुळे एक चौक संपतो न संपतो तोच पुढचा अर्धा सुरू होतो. नदीकडून येणाऱ्याला वाटतं आपण सरळ जाणार. सरळ रस्ता नाहीच, सरळ आमची गिरणी आहे. मग तो ऐनवेळी वळतो. गिरणीपुढे मोठी त्रिकोणी मोकळी जागा आहे. तिथे माझी गिऱ्हाइकं स्कूटर लावतात, आणि उरलेल्या जागेतून ज्याला जसं सुचेल तसा तो जातो.

आजच्या घटना, आम्रपालीबाईंच्या माहितीसाठी: एक टेम्पो अडला. तीन माणसांनी एकमेकांना "दिसत नाही का" असं विचारलं. तिघांनाही दिसत होतं.

बुधवार, ८ जानेवारी

आज तिने नकाशा पायरीवर पसरून दाखवला. आमच्या कोपऱ्याचा फुटपाथ पुढे वाढवणार, पार तो त्रिकोण भरून. त्याला ती नाक म्हणते. नाक पुढे आलं की गाड्यांना हळू वळावंच लागेल. आणि चालणाऱ्याला पलीकडे जायला आत्ता सव्वीस पावलं लागतात, तिथे नऊ लागतील. नाकावर एक झाड, दोन बाक, फुलवाल्या राधाबाईंना पक्की जागा. दुकानांच्या पाट्या एका मापाच्या. बाजाराला शोभा येईल म्हणाली. माझ्या दारातल्या तीन पायऱ्यांपैकी खालच्या दोन रस्त्यात येतात, त्या जाणार.

"आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या?"

"मागच्या गल्लीत, काकू. चाळीस पावलांवर."

या मुलीने जन्मात कधी दळण नेलेलं नाही. दहा-बारा किलोचा डबा घेऊन चाळीस पावलं कोण चालेल? लोक घरघंटी घेतील. अर्ध्या पेठेत घरघंट्या आल्याच आहेत. स्वयंपाकघरात गोड गोड आवाज करतात आणि पीठ गरम करून ठेवतात. जे अजून माझ्याकडे येतात ते दारात गाडी लागते म्हणून येतात. ती सोय गेली की गिरणी बंद, इतकं सरळ आहे. मी एकसष्ट वर्षांची आहे. गिरणी बंद पडली तर सकाळी उठून मी कुठे जायचं ते मला माहीत नाही. भीती वाटली, खोटं का लिहू.

जेवताना यांना सगळं सांगितलं. हे म्हणजे आमचे रावसाहेब. तीस वर्षं गिरणी यांनीच चालवली. पिठाने छाती धरली तेव्हापासून, सहा वर्षं झाली, मी चालवते, आणि हे सकाळी आतल्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. मी विचारलं, "सव्वीसाची नऊ पावलं करून काय मिळवणार ही माणसं?" हे म्हणाले, "नको, पोट भरलं." हल्ली कशात लक्षच नसतं.

शुक्रवार, १० जानेवारी

सलिल बापट आले होते. समोर त्यांचं चष्म्याचं दुकान. आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष तेच. मंडळात अकरा दुकानं आहेत आणि चौदा मतं. चौकाच्या कामाला विरोध म्हणून अर्ज टाइप करूनच आणला होता. "द्वारकाबाई, आपली सही पहिली हवी. आपली गिरणी सगळ्यांत जुनी, आणि सगळ्यांत जास्त नुकसान आपलंच." मी सही केली. हात पिठाचा होता, अर्जावर बोटं उमटली. बापट म्हणाले, "राहू द्या. पुरावा आहे."

अर्ज घेऊन ते गेले तेव्हा हे दारात होते. "सही केलीस?" म्हणाले. मी मान हलवली. "बरं केलंस," असं म्हणून वर घरी निघून गेले. मला वाटलं होतं शाबासकी जरा लांबेल.

रविवार, १२ जानेवारी

आज गिरणी अर्धा दिवस. संध्याकाळी रिकामी होते म्हणून एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते, जरी ती चौकाची नाही.

चौकापलीकडे वैजनाथभावजींचं बाइंडिंगचं दुकान आहे. भावजी म्हणजे नात्याने कोणी नाहीत, यांचे मित्र. पंधरा-वीस वर्षं हे रोज पाचला पेपर घेऊन तिकडे जायचे, एक चहा प्यायचे, कोणाला तरी नावं ठेवायचे आणि सहाला परत यायचे. दिवाळीपासून जात नाहीत. विचारलं तर एकदा म्हणाले गुडघा, एकदा म्हणाले पेपर सकाळीच वाचून झाला. भावजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, ते कुबडी घेऊन पायरीपर्यंतच येतात, त्यांचं मी समजू शकते. यांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत.

आज पाहते तर पाच वाजता भावजी तिकडे पायरीवर आणि हे इकडे कडेला. भावजींनी हात वर केला. यांनी हात वर केला. झालं. दोघं आपापल्या घरी. नक्की काहीतरी बिनसलंय. पुरुषांची भांडणं अशीच, बोलत नाहीत आणि सोडतही नाहीत.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. यांच्या हातात तिळगुळाची पुडी दिली आणि म्हटलं, जाऊन द्या भावजींना, गोड बोला, संपवा काय असेल ते. निळा शर्ट घालून गेले. अर्ध्या तासाने आले. "दिलात?" "हूं," म्हणाले.

चला, मिटलं.

गुरुवार, १६ जानेवारी

मिटलं नाही. आज निळा शर्ट धुवायला घेतला तर खिशात पुडी तशीच. घामाने कागद ओला झालेला आणि तीळ त्याला चिकटलेले. सणाच्या दिवशी खोटं बोलले माझ्याशी. इतका राग कसला धरायचा माणसाने? मी ती पुडी राधाबाईंच्या हाती पलीकडे पाठवली. भावजींनी निरोप पाठवला, "रावसाहेबांना म्हणावं, घाई नाही." याचा अर्थ काय ते त्या दोघांनाच माहीत.

घाई नाही हे आमच्या गिरणीतले शब्द. डबा ठेवताना वर चिठ्ठी लावायची: नाव, जाड की बारीक, आणि घाई की घाई नाही. घाईवाल्याचा डबा पुढे, घाई नसलेल्याचा मागे. हा कायदा यांनीच केला, आणि भावजींच्या डब्यावर कायम "घाई नाही" असतं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मधले दिवस नुसतं दळण. आज शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. आम्रपालीने पडद्यावर चौकाची चित्रं दाखवली. चित्रात झाडाखाली माणसं आइस्क्रीम खात होती. बापट म्हणाले, "यातलं आमच्या पेठेतलं कोणीच दिसत नाही." लोक हसले, मीही हसले.

मग त्यांनी विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या? म्हणजे, गजभिये म्हणजे नक्की..." आणि वाक्य अर्धंच ठेवलं. तिने सरळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे नागपूर. पुढचा प्रश्न चौकाबद्दल आहे का, सर?" मला ते आवडलं नाही, बापटांचं विचारणं. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "बापट, चिठ्ठीवरचं नाव मी डबा परत द्यायला वाचते, दळायला नाही." पण लगेच उभी राहून हेही म्हटलं की माझा या नाकाला विरोध आहे आणि राहील.

शेवटी असं ठरलं की पक्कं बांधायच्या आधी दोन आठवडे नुसत्या फक्कीच्या रेघा मारून आणि कडेला अडथळे ठेवून बघायचं. जमलं तर बांधायचं, नाही तर नकाशा कपाटात.

निघताना ती माझ्यापाशी आली. "थँक्यू काकू." मी म्हटलं, "थँक्यू कसलं, मी विरोधात आहे." "तरी," ती म्हणाली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शनिवारी रेघा मारल्या. पांढरीशुभ्र फक्की आणि तिच्यावर लाल शंकू, एकूण बावीस. दोन दिवसांत फक्की टायरांनी पार पिठूळ करून टाकली. शंकूंपैकी पाच चपटे झाले, चार गेले. एक राधाबाईंच्या टोपलीखाली टेकू म्हणून आहे. बाकीच्यांच्या आत लोकांनी स्कूटर लावल्या, शंकूच्या सावलीत. एकाने तर शंकू उचलून बाजूला ठेवला, गाडी लावली आणि शंकू गाडीच्या मागे परत ठेवला, म्हणजे आता कोणी लावणार नाही. आमच्या शहरात हुशारीला तोटा नाही.

आम्रपाली रेघ परत मारत होती. चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली.

गिरणीच्या दगडांना टाकी घालायला, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायला, संतोष आला. टाकी घातल्याशिवाय दगडाला धार येत नाही, आणि टाकीने दगडाची कच उडते, म्हणून आतले सगळे डबे बाहेर काढावे लागतात. शिवरात्र पुढच्या आठवड्यात, त्यामुळे उपासाच्या भाजणीचे डबे ढिगाने होते. तीसेक असतील. पायरीवर मावेनात. मग मी ते खाली रस्त्यावर ओळीने लावत गेले, आणि ओळ सरळ यावी म्हणून फक्कीच्या रेघेवर लावले. सवय आहे मला, वाकडी रांग बघवत नाही.

तासाभराने सहज पाहिलं. काल ज्या रिक्षावाल्याने शंकू चेपला तोच आज डब्यांपाशी येऊन थांबला, मान बाहेर काढून अंदाज घेतला आणि लांबून वळला. मागचा टेम्पो लांबून वळला. नदीकडून सुसाट येणारी कॉलेजची पोरंसुद्धा. एका मोटारवाल्याने खाली उतरून मला विचारलं, "ताई, दळणं आहेत का? बरं बरं." आणि गाडी मागे घेतली. एकही स्कूटर रेघेच्या आत आली नाही.

शंकूला इथे कोणी विचारत नाही. तो सरकारचा. पण दुसऱ्याच्या दळणाला धक्का लावायची कोणाची टाप नाही. सांडलेल्या धान्यावरून चाक नेणं म्हणजे अन्नावर पाय. आणि सांडलंच तर डबा कोणाचा ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, आणि ती बाई बाहेर येऊन काय बोलेल ते प्रत्येकाला आईकडून माहीत आहे.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी स्वतःच्या हाताने त्या मुलीची परीक्षा पास करून देतेय. धावत जाऊन सगळे डबे आत आणले. संतोष म्हणाला, "अहो, अजून कच उडतीय." उडू दे म्हटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज काय लिहू ते कळत नाहीये. तरी लिहिते.

आम्रपाली दुपारी आली आणि पायरीवर बसली. गेले दहा-बारा दिवस ती वैजनाथभावजींच्या पायरीवर बसून पायी चालणारे मोजते, पाच ते सहा. म्हणाली, "काकू, या फॉर्ममध्ये मला एक अडचण आहे. तुम्ही इथल्या जुन्या, तुम्हाला विचारते."

"विचार."

"एक काका आहेत. रोज पाचला तुमच्या बाजूच्या कडेला येतात. हातात घडी केलेला पेपर असतो. गाड्या जरा थांबल्या की एक पाऊल टाकतात. वळणावरून हॉर्न वाजतो, पण ते बघत नाहीत. गाडी एकदम अंगाशी आली की दचकतात आणि मागे होतात. मग परत एक पाऊल. कधी दहा मिनिटं, कधी पंधरा. मग समोर बघून हात वर करतात आणि परत जातात. त्यांना ऐकू कमी येत असावं. माझ्या फॉर्मवर 'रस्ता ओलांडला' असा रकाना आहे. 'ओलांडू शकला नाही' असा रकानाच नाही. त्यांना कुठे लिहू?"

ती हे सगळं हातातल्या टेपकडे बघत बोलली. ते काका कोण हे तिला ठाऊक नसणार, एरवी माझ्या तोंडावर कशी बोलली असती?

मी विचारलं, "शर्ट कुठला?"

"बहुतेक निळा."

मी तिला म्हटलं, बस, चहा टाकते, आणि आत गेले. चहा टाकला नाही. दगडाजवळ उभी राहिले.

तीस वर्षं हे या जागी उभे होते. डावा कान पट्ट्याकडे. "नको, पोट भरलं." चहा टाकू का विचारलं तर पाच वाजले म्हणतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की राधाबाई खालून बातम्या ऐकतात. आणि मी काय म्हणते? लक्ष नसतं. आळशी झाले. भांडले असतील. अर्ध्या आयुष्याच्या माणसाशी मी सकाळ-संध्याकाळ ओरडून बोलते आणि मला वाटायचं गिरणीमुळे ओरडते. गिरणी बंद असतानाही ओरडत होते मी.

आणि खिशातली ती पुडी. अर्धा तास हा माणूस सणाच्या दिवशी तिळगूळ घेऊन सव्वीस पावलांसमोर उभा राहिला आणि परत आला. मला लाज वाटली. इतकी लाज मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटली असेल.

बाहेर येऊन आम्रपालीला म्हटलं, "त्यांना कुठेच लिहू नकोस अजून. आणि तुझी ती रेघ परत मार, नीट जाड."

यांना काही बोलले नाही. त्यांनी लपवलं, तर मीही लपवलं. फक्त जेवताना उजव्या बाजूला बसले आणि हळू आवाजात विचारलं, "भात वाढू?" "अर्धा," म्हणाले. बरोबर उत्तर.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी सातला सगळे डबे रेघेवर. भाजणीचे, गव्हाचे, ज्वारीचे. कमी पडले तेव्हा माळ्यावरचे रिकामे काढले, त्यांनाही चिठ्ठ्या लावल्या. राधाबाई म्हणाल्या, "दगडांना परत टाकी का?" मी म्हटलं, "हो, या वेळी माझ्या डोक्याला."

गिऱ्हाइकांनी मागच्या गल्लीत गाड्या लावल्या. दोघीजणी कुरकुरल्या. एक म्हणाली पुढच्या वेळी घरघंटीचं बघते. पण डबे हलवले नाहीत.

दुपारी आम्रपाली आली आणि डब्यांची रांग बघून तशीच उभी राहिली. मी तिला सांगून टाकलं, "हे बघ, पायऱ्या घे माझ्या. दोन नाही, तिन्ही घे. पण दळणाला थांबा दे. नाकाच्या कडेला एका गाडीपुरती जागा, पाच मिनिटं, डबा उतरवा आणि चालते व्हा. ते नसेल तर माझी गिरणी मरेल, आणि मग तुझ्या त्या बाकावर बसून आम्ही काय आइस्क्रीम खायचं?"

तिने वहीत रेघ मारली, मोजलं, परत मोजलं. "होईल," म्हणाली. "हे मी आधीच विचारायला हवं होतं."

"मीही," मी म्हटलं. ती कशाबद्दल समजली कोण जाणे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बापट आले. चष्मा पुसत पुसत आले म्हणजे रागावलेले आहेत. "द्वारकाबाई, अर्जावर पहिली सही आपली आहे."

"असेल."

"आणि आता पहिला डबाही आपलाच."

"बापट, तुमच्या दुकानात लोक दिसत नाही म्हणून येतात ना? मलाही दिसत नव्हतं. आता दिसतंय. सही खोडायची तर कुठे खोडू सांगा."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. गाड्या डब्यांना वळसा घालून हळू चालल्या होत्या, आणि शाळेतून सुटलेली मुलं एकटी, कोणाचा हात न धरता, पलीकडे जात होती. "माझा विरोध कायम आहे," बापट म्हणाले. मग जाता जाता वळून विचारलं, "डबे कमी पडतायत का? आमच्या हिच्याकडे दोन रिकामे आहेत." त्यांच्या चिठ्ठीवर नाव टाकू नका म्हणाले. मी टाकलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

उद्या प्रयोगाचा शेवटचा दिवस. पण जे व्हायचं ते आजच झालं.

पावणेपाचला हे खाली आले. निळा शर्ट, पेपरची घडी. माझ्याकडे बघितलं नाही. रांगेच्या कडेकडेने चालत नाकाच्या टोकापर्यंत गेले. टोकाला एक जुना पत्र्याचा उंच डबा होता. तो मी ठेवलेला नव्हता, पण रांगेत होता म्हणून मीही काही विचार केला नव्हता. हे त्याच्यावर हात टेकून उभे राहिले.

गिरणीत दळण चालू होतं. भावजी पलीकडे कुबडी घेऊन उठले होते. आणि मला एकदम जाणवलं की या आवाजात मलाही हॉर्न ऐकू येत नाहीये. त्यांना येत नाही, निदान मला तरी यायला हवा. मी बटण दाबलं. दगड गरगरत थांबले. आतल्या बायका म्हणाल्या, "काय झालं, लाइट गेली का?" मी म्हटलं, "गप्प राहा जरा."

मी तिसऱ्या पायरीवर उभी राहून चौक ऐकला. कधी नुसता ऐकला नव्हता. नदीकडून एक स्कूटर, लांब आहे. गल्लीतून सायकलची घंटा. रिक्षा येतेय, येतेय, डब्यांपाशी हळू झाली, थांबली. आतल्या माणसाने यांच्याकडे बघून हाताने जा म्हणून खूण केली.

हे गेले. मी पावलं मोजली. नऊ नाही, अकरा लागली, त्यांची पावलं आता लहान झाली आहेत. भावजींनी त्यांचा दंड धरला आणि दोघं पायरीवर बसले. मग भावजी हसले आणि हेही हसले. मी रडत होते. आतल्या बायकांना म्हटलं कच गेली डोळ्यात, आणि टाकी घालून दहा दिवस झाले होते.

सहाला हे तसेच परत आले. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि विचारलं, "इतके महिने बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? कान गेला म्हटलं असतं तर तू मला एकटं सोडलं नसतंस कुठे."

"आणि चौकाचं? सभेत हात वर केला असतात एक."

"पहिली सही तुझी होती," हे म्हणाले. "तुझी गिरणी आहे. माझ्या एका चहासाठी ती बंद पाडू?"

मी म्हटलं, तुमच्यासारखा मूर्ख माणूस या पेठेत नाही. म्हणाले, "ऐकू नाही आलं." आलं होतं.

शनिवार, १ मार्च

आम्रपाली आकडे घेऊन आली. सगळ्यांत जास्त लोकांनी रस्ता ओलांडला तो या आठवड्यात. एप्रिलपासून पक्कं बांधणार, दळणाच्या थांब्यासकट. घरघंटीवालीचं काय होतं ते बघू, कालपर्यंत तरी डबा घेऊन आलीच होती. मग आम्रपालीने ही वही मागितली. "काकू, तुम्ही लिहून राहिला होता ना, रोजच्या घटना?" मी तिला सांगितलं की वहीला पीठ लागलं, वाचता येत नाही. वेगळ्या कागदावर टेम्पो आणि रिक्षा लिहून दिल्या. तिने आणखी एक विचारलं, "त्या काकांना कुठे लिहू?" मी म्हटलं, "ओलांडला या रकान्यात."

संध्याकाळी डबे आत आणले. एकेक चिठ्ठी वाचून मालकाला देत गेले. शेवटी टोकाचा तो पत्र्याचा डबा राहिला. रिकामाच होता. वर यांच्या अक्षरात चिठ्ठी: रावसाहेब. घाई नाही.

कोणत्या दिवशी नेऊन ठेवला तिथे, ते मी विचारलं नाही. गिरणीच्या कायद्याने घाई नसलेला डबा मागे सरकतो. हा मी रेघेवर, जिथे होता तिथेच राहू दिला.